जीपच्या कमानीचा चाकू

लग्न होऊन मी सिल्वासाला आले तेव्हा आमचे हे जमीनमोजणीच्या खात्यात होते. महिन्यातले निम्मे दिवस फिरती. किलवणीच्या पलीकडे जंगलात तंबू ठोकायचे आणि घरी आले की तिथल्या गमती तिखटमीठ लावून सांगायचे. मी "मलाही न्या" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "तिथे बाजारचे चाकू टिकत नाहीत, तू काय टिकणार?"

माझं डोकं फिरलं. एके दिवशी तडक बाजारामागच्या लोहाराकडे गेले. त्याच्याकडे जीपच्या कमानीची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची, एक मोडकी पट्टी पडून होती. तिच्यातून त्याने मला चाकू घडवून दिला. जेमतेम वीतभर, पण पाठ पाटीवरच्या पेन्सिलीएवढी जाड. पातं मुठीच्या शेवटापर्यंत सलग, मिटण्याबिटण्याची भानगडच नाही. लोहार म्हणाला, "बेन, हा तुटला तर माझा हातोडा घेऊन जा."

यांनी चाकू तळहातावर तोलून पाहिला. पसंत पडला होता, पण कबूल करतील तर ना! म्हणाले, "माझ्या परीक्षेला उतरला तर तुला मुक्कामाला नेईन."

परसात परीक्षा सुरू झाली. खैराच्या वाळक्या ओंडक्यावर पातं टेकवून यांनी पाठीवर लाकडाचे दणके घातले. ओंडका उभा चिरला. मग टोक सागाच्या बुंध्यात रुतवून आडवं रेटलं. बुंध्याची ढलपी निघाली, टोक जसंच्या तसं. "धार गेली असणार," हे म्हणाले. मी त्याच धारेने पिकलेला टोमॅटो कागदासारखा पातळ चिरून पुढे ठेवला. तो खाऊन टाकला आणि वर म्हणतात कसे, "हिरवा बांबू राहिलाय. तो सुट्टीच्या दिवशी."

सुट्टी तेवढी लक्षात ठेवायची, ती कशाची ते विसरायचं, अशी या सरकारी माणसाची तऱ्हा. त्या दिवशी सकाळी हे बांबू घेऊन परसात आले तर चाकू गायब! तो देवापुढे पाटावर होता. शेजारी विळी, कोयता, कात्री, अडकित्ता, सगळ्यांवर झेंडूची फुलं.

"खंडेनवमी आहे रे," सासूबाई म्हणाल्या. "आज शस्त्रांना विश्रांती. हात लावशील तर बघ."

घरात चिरायला काही उरलं नाही, म्हणून आम्ही दोघींनी गवार हातांनी मोडली. हे मात्र खुशीत. "परीक्षा अपुरी, निकाल राखून ठेवला," म्हणाले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, यांची गाडी निघणार होती. मी गवार मोडत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं. एवढं करून शेवटी मी घरातच.

दसऱ्याला सकाळी बैलगाडी दारात आली. मी पोळ्या बांधत होते. यांनी देवाला नमस्कार केला आणि हळूच तो चाकू उचलून आपल्या पिशवीत घातला. मी पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं.

"तो कुणाचा रे?"

"तिचाच. पण मुक्कामाला उपयोगी पडेल."

"म्हणजे चाकू पास आणि जिने घडवून घेतला ती नापास? पुजलेलं शस्त्र घेऊन शीव ओलांडायची ती ज्याचं त्यानं. ती जाणार नसेल तर ठेव पाटावर."

हे एकदा चाकूकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग हसू फुटलं. "लुगडी बांध," म्हणाले. मला इतका आनंद झाला की पोळ्यांचं गाठोडं हातातून निसटलं.

निघताना मी सासूबाईंच्या पाया पडले. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "याचे वडील जन्मभर फिरतीवर," त्या सहज बोलावं तसं म्हणाल्या. "मी अशीच उभी राहायची. एकदाही कुणी चल म्हटलं नाही."

मी यांना विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, "आई, चला."

त्या तडक आत गेल्या. रागावल्या की काय, मला कळेना. गाडीवान घाई करू लागला. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या, नवं लुगडं नेसून, आणि दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली.