मेथीच्या मापाने मोजलेली भुतं

मला भुताखेतांच्या सिनेमांतलं काहीही कळत नाही.

हे वाक्य वाचून आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचे लोक मटकन खाली बसतील. (ज्यांचे गुडघे बदलले आहेत त्यांनी कृपया आधीच बसून घ्यावं.) कारण गेली काही वर्षं शनिवार पेठेपासून वाघोलीपर्यंत कुणालाही घरबसल्या खरोखर घाबरायचं असलं, की तो मला फोन करतो. 'केळकर भीतीदायक म्हणाले म्हणजे भीतीदायक!' अशी माझी ख्याती आहे. तिचा पाया किती पोकळ आहे, हे मरायच्या आधी सांगून टाकावं म्हणतो. मेल्यावर भूत होऊन सांगायला आलो, तर त्यालाही लोक कमी गुण देतील!

सुरुवात आमच्या मुलीने केली. सईने भिंतीएवढा टीव्ही आणला, मला रिमोट शिकवला आणि पहिल्याच दिवशी कसलासा भुताचा सिनेमा लावला. पडद्यावर दार करकरलं. मी चष्मा काढला. पुन्हा करकरलं. मी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

आता, मला जवळचं चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, लांबचं अजिबात नाही. त्यामुळे समोर फक्त निळे-पिवळे डाग इकडून तिकडे जात होते आणि सगळीकडे गाढ शांतता. इतकं प्रसन्न वाटलं म्हणून सांगू! जगातल्या अत्यंत रक्तरंजित मालिका मी अशा डोंगरावरच्या देवळात बसल्यासारख्या पाहिल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गोडबोल्यांनी विचारलं, "काल काय पाहिलंत?"

"भुताचा सिनेमा."

"एकटे?"

"बायको होती शेजारी."

"मग दोन्ही बाजूंनी भय! झोप लागली?"

"उत्तम."

गोडबोले माझ्याकडे बघतच राहिले. तिथून माझी कीर्ती पसरली आणि कट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागण्या यायला लागल्या. 'केळकर, खरंच घाबरवणारं काहीतरी सुचवा.' आता डागांवरून शिफारस कशी करायची? (पिवळे डाग फार असले तर भूत, निळे असले तर समुद्र, एवढंच मला कळायचं.)

उपाय शेजारीच बसला होता. आमची ही, म्हणजे सुमन, टीव्ही बघताना मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडते. डोळे पडद्यावर, हात मेथीत. माझ्या लक्षात आलं, की पडद्यावर काही भयंकर घडलं की हिचा हात थांबतो. झालं! माप सापडलं. हात जरासा रेंगाळला, तर सिनेमा बरा. पान तोडता तोडता थांबला, तर चांगला. काडी हातात तशीच अधांतरी राहिली, तर मी ग्रुपवर लिहायचो, 'कमकुवत हृदयाच्या सभासदांनी बघू नये.' आणि हात थांबलाच नाही, तर, 'सौम्य. जेवताना बघायला हरकत नाही.'

माझी एकही शिफारस चुकली नाही. चुकली ती एकच, आणि ती नेमकी लेकीच्या लग्नाच्या आड आली!

त्या मालिकेचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. पांढऱ्या साडीतली एक बाई भर दुपारी दार वाजवते आणि वाटी पुढे करून म्हणते, 'थोडं विरजण द्याल का?' जो देतो त्याचं काही खरं नसतं. (हे मला नंतर कळलं. पुण्यात दुपारी कुणी दार वाजवणं हेच मुळात इतकं भयानक, की पुढे विरजणाचीही गरज नव्हती.) मी मात्र त्या दिवशी फक्त हिचा हात बघत होतो, आणि हात एक क्षण थांबला नाही! एक जुडी संपली, दुसरी संपली. मी बेधडक लिहिलं, 'सौम्य. कौटुंबिक.'

त्या दिवशी जेवताना भाजीत काड्या लागल्या. मुळंही होती. आणि एक रबर.

"आज मेथी फार चिवट आणलीस," मी म्हणालो.

हिने रबर उचलून ताटाच्या कडेला ठेवलं. इथेच शहाणा नवरा सावध झाला असता!

त्याच आठवड्यात सईच्या मयूरचे आईवडील आमच्याकडे जेवायला यायचे होते. मयूर तिच्याच ऑफिसातला. घरचे मूळ अमरावतीचे वानखडे, आता वाघोलीत स्थायिक. वसंतराव आणि पुष्पाताई. पोरांचं ठरलं होतं, आता घरांचं जुळायचं होतं. जेवण नीट पार पडलं की तारीख धरायची, असा बेत.

"बाबा, आज प्लीज नॉर्मल वागा," सई म्हणाली.

"म्हणजे कसा?"

"म्हणजे नेहमी वागता तसे नाही!"

मी नॉर्मल वागलो. श्रीखंडाचं पातेलं हातात घेऊन पुष्पाताईंना अगत्याने विचारलं, "आणखी वाढू, की नको?" त्या चक्क दचकल्या.

"आमच्याकडे पाहुण्याले 'नको' म्हणाले चान्सच देत नाहीत," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे आम्ही त्याला मदत करतो," मी म्हणालो. सईने टेबलाखालून मला लाथ मारली. (ती बसली मयूरला. तोही उगाच 'सॉरी' म्हणाला. जावई म्हणून तो मला तिथेच पसंत पडला.)

जेवणं झाली आणि अडचण उभी राहिली. ही आमची वामकुक्षीची वेळ. होणाऱ्या व्याह्यांना 'आता निघा' म्हणता येत नाही आणि 'आडवे व्हा' म्हणावं तर सोफा एकच. सगळे एकमेकांकडे बघून हसत होतो. शेवटी वसंतरावच म्हणाले, "केळकरसाहेब, तुम्ही भुताच्या पिक्चरचे मोठे जाणकार आहात म्हणे! लावा न एखादा. पण हलका लावा बरं, हिले बीपी आहे."

"अगदी हलका लावतो," मी म्हणालो आणि पडदे ओढून घेतले.

पडद्यावर त्या विरजणाच्या मालिकेचं नाव आल्याबरोबर सई किंचाळली, "बाबा, ही नको!"

"सौम्य आहे. तुझ्या आईला विचार."

आई स्वयंपाकघरात होती. तेवढ्यात मोतिया-पांढऱ्या साडीतल्या पुष्पाताईही 'आलेच' म्हणून आत गेल्या. मी सोफ्यावर माझ्या जागी बसलो, रीतसर चष्मा काढला, यंत्र खिशात टाकलं. अंधारात डाग सुरू झाले. काही वेळाने सवयीने डावीकडे हात टाकला. हिचा हात मिळाला. आज जरा खरबरीत वाटला, पण म्हटलं, सकाळपासून राबतेय बिचारी. थोपटलाही. त्या हाताने काही तक्रार केली नाही.

इकडे आत पुष्पाताईंनी पाहिलं की श्रीखंड भरपूर उरलंय. यजमानालाच कुणी आग्रह केला नाही, हे त्यांच्या वऱ्हाडी मनाला सहन होईना. त्यांनी गार वाटी भरली आणि बाहेर आल्या. माझ्या कानात यंत्र नाही, त्यामुळे पाऊल ऐकू आलं नाही. डोळ्यांवर चष्मा नाही, त्यामुळे लांबून दिसल्या नाहीत. त्या शांत, सुखद, निळसर धुक्यातून एकदम माझ्या नाकापुढे एक पांढरी साडी, एक चेहरा आणि एक वाटी प्रकट झाली. जवळचं मला स्वच्छ दिसतं, हे सांगितलंच आहे!

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला ऐकू आला. यंत्र खिशात असताना!

हात वर गेला. वाटी उडाली. अख्खं श्रीखंड डावीकडे बसलेल्या वसंतरावांच्या तोंडावर! (होय, डावीकडे वसंतराव होते.) ते ताडकन उभे राहिले. टीव्हीच्या उजेडात कपाळापासून मिशीपर्यंत पांढराफटक पुरुष, तोंड वासलेलं. किंकाळीने डोळे गच्च मिटलेल्या पुष्पाताईंनी ते उघडले, तर समोर हा! त्या ओरडल्या, "बाप्पा रे!" ते ऐकून आमची ही बडीशेपेची डबी घेऊन धावत आली आणि डबी तिथेच सोडून दिली. मयूर टीपॉयवरून पलीकडे गेला. खालच्या मजल्यावरून शेजाऱ्यांचा आवाज आला, "केळकर! माणसं झोपतात या वेळी. निदान मारताना तरी आवाज करू नका!"

सईने दिवा लावला.

सगळ्यांनी वसंतरावांकडे पाहिलं. उभे तेच होते, तोंड त्यांचंच उघडं होतं आणि श्रीखंडही त्यांच्याच अंगावर होतं. मी तोवर यंत्र कानात घालून, चष्मा लावून सोफ्यावर मांडी घालून बसलो होतो. आणि माझी जीभ, जिने नोकरीत साहेबापुढे कधी चकार शब्द काढला नाही, ती माझी जीभ म्हणाली, "घाबरू नका वसंतराव. सिनेमा आहे तो."

अजून आठवलं की घाम फुटतो!

"अहो, लोकाच्या घरी येऊन एवढं ओरडते का कोणी?" पुष्पाताई नवऱ्यावर कडाडल्या. "नाक कापलं पार! चला घरी!" त्यांनी पर्स उचलली. मयूर शरमेने लाल. सईच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. आता एक वाक्य बोललो असतो, 'ओरडलो मी', तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पंखा मोठा करू का?" मी म्हणालो.

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिशीवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "श्रीखंड फस्टक्लास आहे. हाव, घाबरलो मी. बोला, तारीख कोणती धरता?"

लग्न झालं. छान झालं. पण तेव्हापासून वसंतराव आमच्या दोन्ही घरांचे अधिकृत भित्रे ठरले! लग्नात पुष्पाताईंनी उखाण्यात श्रीखंड आणलं. दिवाळीत वसंतरावांना श्रीखंड वाढताना सई विचारते, "बाबा, झाकण लावून देऊ?" ते हसतात. मीही हसतो, सगळ्यांत मोठ्याने. आणि घरी आल्यावर मला श्रीखंडाचा घास उतरत नाही. लोकांना पित्त होतं, मला वसंतराव होतात.

परवा त्यांची साठी झाली, वाघोलीला. जेवणाआधी मयूर दाढीचा साबण तोंडाला फासून उभा राहिला. त्या दुपारचं नाटुकलं करणार होते, वसंतरावांच्याच सत्काराला! आणि ते बिचारे हार घालून, खुर्चीवर बसून, कौतुकाने बघत होते. मला राहवेना. मी उठलो.

"थांबा. त्या दिवशी ओरडले ते वसंतराव नव्हते. मी ओरडलो होतो."

हॉलमध्ये शांतता. मी यंत्र चाचपलं, चालू होतं.

"मीच वाटी उडवली. आणि मी गप्प बसलो. वसंतराव, मला माफ करा."

पहिली फुटली ती सई. हसू आवरेना म्हणून तिने तोंडात पदर कोंबला. मग मयूर हसला, साबणाचे फुगे उडाले. पुष्पाताईंनी डोळे पुसले. "मले तर यांनी परत जाताना गाडीतच सांगितलं, केळकरसाहेब. येरवडा ओलांडेपर्यंत हसत होतो आम्ही!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी वसंतरावांना विचारलं.

"इवाईबुवा," वसंतराव म्हणाले (वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात), "पिक्चर सुरू झाल्यापासून तुमचा हात माह्या हातात होता. थोपटत होते तुम्ही मले. मग मले नाही माहीत होणार त कोणाले?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीचा बाप पोरीच्या सासऱ्यापुढे घाबरला, हे बरं दिसते का? माहं काय, मी मुलाकडचा. मले घाबराले परवानगी आहे."

मी वळून हिच्याकडे पाहिलं. "तुलाही ठाऊक होतं?"

"अहो, झुरळ निघालं की हीच किंकाळी असते. एवढ्या वर्षांत ओळखणार नाही?"

"मग इतके दिवस त्यांना का चिडवत होतात सगळे?"

"त्यांना कुठे?" ही शांतपणे म्हणाली. "श्रीखंडाचा विषय निघाला की तुमचं तोंड काय होतं, ते बघत होतो आम्ही. वसंतरावांचीच कल्पना."

मी खाली बसलो. वसंतरावांनी हळूच गार वाटी माझ्या हातात दिली. लांबूनच, हात पुरता लांब करून.

"आणि ती मालिका सौम्य कुठल्या तोंडाने म्हणालात हो?" हिने विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मेथीचं सगळं सांगितलं. "त्या दिवशी तुझा हात थांबलाच नाही," मी म्हणालो.

"भीतीने थांबत नव्हता! पानं, काड्या, मुळं, रबर, जे हाताला लागेल ते तोडत सुटले होते मी! आणि तुम्ही म्हणालात, मेथी चिवट आहे!"

म्हणजे मी भीती मोजायला हिची मेथी बघत राहिलो, आणि दोन्ही घरं माझं तोंड.

आत्ताच ग्रुपवर गोडबोल्यांचा निरोप आलाय, 'केळकर, घरी बघायला काहीतरी खरंच भयानक सुचवा.' मी लिहिलंय, 'काहीही बघा. फक्त चष्मा लावून बघा, आणि कुणाचा हात धरलाय, ते आधी बघा.'