उत्तर येईपर्यंत उभी

प्रश्न असा होता: आमच्या भागातले डॉक्टर प्रशिक्षणाला नियमित जातात, तरी तिथून काही न शिकता परत का येतात? उत्तर मला एका अपमानातून मिळालं. म्हणून आधी तो अपमान सांगते.

खामगावातलं सभागृह. वैद्यकीय नोंदणी टिकवायची तर अशा व्याख्यानांना हजर राहून गुण मिळवावे लागतात. पुढच्या रांगा शहरातल्या तज्ज्ञांच्या. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रांचे, मागे. तसा नियम नव्हता, रीत होती. विषय सर्पदंश. व्याख्यान संपलं आणि मी उभी राहिले.

त्याच आठवड्यात मण्यार चावलेल्या एका तरुणाला मी संग्रामपूरकडून रुग्णवाहिकेतून खामगावला आणलं होतं. विषावरचं औषध दिलेलं होतं. तरी वाटेत त्याचा श्वास मंदावला. श्वास देणारी पिशवी मी शेवटपर्यंत दाबत राहिले. तो वाचला. पण माझ्या कृतीने वाचला की सुदैवाने, हे मला कळायला हवं होतं. म्हणून विचारलं: चालत्या गाडीत, डॉक्टर एकटी असताना, श्वासनलिकेत नळी घालावी की पिशवीवरच न्यावं? पुस्तकं मी वाचली होती. पुस्तकात भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो.

वक्ते बोलणार, तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"तरीच."

सभागृह हसलं.

"मॅडम, सीट मिळाली, डिग्री मिळाली. आता प्रश्न तरी मेरिटवाल्यांना विचारू द्या. तुम्ही फक्त रेफर करत जा. चला, जेवण थंड होतंय."

मी बसले. हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. मी बसले.

जेवताना खान सर शेजारी आले. खामगावातच त्यांचा छोटा दवाखाना आहे. "काऊन उभ्या राह्यल्या मॅडम? इथं विचारलं का लोकं समजतात, याले काही येत नाही. मी तं सही करतो, जेवतो, घरी जातो. पनीर घ्या, तेवढंच कामाचं हाये."

मी हसले. आणि हसता हसता लक्षात आलं की डॉक्टर काही न शिकता परत का येतात, या माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यांनी देऊन टाकलंय. इथे गुण हजेरीला मिळतात. विचारणाऱ्याचं अज्ञान मोजलं जातं. आणि माझ्यासारखीचं तर अज्ञानही जातीच्या खात्यावर जमा होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रशिक्षणाला मी गेले. सही केली. गप्प बसले. माझे गुण पूर्ण झाले.

मग सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीतून एक बाई आली. तोच साप. तोच रस्ता. श्वास मंदावला तेव्हा तोच प्रश्न जसाच्या तसा समोर उभा. मी पिशवी दाबत राहिले. खामगाव यायच्या आत ती गेली.

नवऱ्याने विचारलं, "मॅडम, आनखी काही करता आलं असतं काय?"

उत्तर माहीत असतं तर ती वाचली असती, असा दावा मी करत नाही. तो सिद्ध करता येत नाही. पण त्या माणसाला 'हो' किंवा 'नाही' सांगता येणं, एवढं तरी माझं काम होतं. मला ते आलं नाही.

पुढचं प्रशिक्षण. तेच अध्यक्ष. मी पहिल्या रांगेत बसले. तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला.

"मॅडम, मागे सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं नव्हतं, सर. आडनाव विचारलं होतं. ते तेच आहे. प्रश्नही तोच आहे. उत्तर येईपर्यंत मी उभी राहते."

त्यांनी जेवण जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या. वक्ते खाली मान घालून वायर गुंडाळत राहिले. खान सर जाता जाता कुजबुजले, "बसा ना मॅडम, काऊन पंगा घेऊन राह्यल्या?"

मी बसले नाही. सभागृह रिकामं झालं तरी बसले नाही.

उत्तर त्या दिवशी मिळालं नाही. पुढच्या वेळी मी पुन्हा विचारणार आहे. त्याच्या पुढच्या वेळीही. हजेरीचे गुण मला आता पुरत नाहीत.

हे केवळ माझ्या सांगण्यावरून मानू नका. तुमच्या गावच्या डॉक्टरांना विचारा: मागच्या प्रशिक्षणात तुम्ही कोणता प्रश्न विचारलात? विचारला नसेल, तर तुम्हाला खाली कुणी बसवलं?