दहावी गावाकडची

रामाशीषला कारेगावात सगळे 'भैया' म्हणत. आठ वर्षं तो रांजणगावच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर होता, झुंबरबाईंच्या चाळीत एका खोलीत राहत होता. पण नाव विचारायची तसदी झुंबरबाई सोडल्या तर कुणी घेतली नव्हती. त्याचंही अडलं नाही म्हणा. माणूस इथं आणि जीव बिहारातल्या गावात, बायकोपाशी आणि एकुलत्या एक खुशबूपाशी.

खुशबूचा वर्गात कायम पहिला नंबर. तो नंबर रामाशीषनं तळहातावरच्या फोडासारखा जपला. झुंबरबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्या म्हणायच्या, "आरं, बायकूपोरीला घिऊन ये की हिकडं. शाळा हाय समोर."

"उसको मराठी नहीं आती, मावशी. नंबर कम होईल."

"मेंढरू बी नव्या माळावर दोन दिस त्वांड लावत न्हाई. मंग चरतंयच की!"

तो हसायचा. ऐकायचा मात्र नाही. दहावीचे मार्क जन्मभर पुसले जात नाहीत, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं आणि त्यानं ते गाठीला बांधलं होतं. त्यापायी सगळ्या दिवाळ्या, सगळ्या छठपूजा त्या खोलीत एकट्यानं काढल्या. ड्युटी सुटली की घरी फोन लावायचा आणि पहिलाच प्रश्न, "किती मार्क पडले?" दुसरं काही विचारलं तर गळा दाटून येईल, ही भीती. मार्क विचारलेले बरे, आकडा ऐकून रडू येत नाही.

दहावीला खुशबू शाळेत पहिली आली. रामाशीषनं चाळभर पेढे वाटले. मग मायलेकी इकडं आल्या आणि तिला शिरूरच्या कॉलेजात अकरावीला घातलं. मराठी ती बघता बघता शिकली, अगदी झुंबरबाईंशी भांडण्याइतकी. बारावीला आणि सीईटीला तर असे मार्क पाडले, की कॉलेजातल्या सरांनी बोलावून कौतुक केलं. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

परवा बापलेक प्रवेशाचे कागद तपासून घ्यायला शिरूरच्या प्रवेश केंद्रावर गेले. तिथल्या मॅडमनी सीईटीचे मार्क बघून मान डोलावली. मग दहावीची गुणपत्रिका उचलली.

"दहावी बिहारची?"

"जी! फर्स्ट आली." रामाशीषची छाती फुगली.

"तिथंच घोटाळा झालाय. दहावी-बारावी दोन्ही इथल्या असत्या, तर ती महाराष्ट्रातली धरली असती. नाहीतर पंधरा वर्षांचा रहिवास लागतो, तुमची आठच झालीत. आता ती बाहेरच्या राज्यांच्या यादीत जाईल. तिथं जागा मोजक्याच. ते कॉलेज काही मिळणार नाही."

"पण मॅडम, दहावीला नंबर..."

"दहावीचा नंबर इथं कोण बघतंय, काका? प्रवेश सीईटीवर. इथल्या शाळेतनं काठावर पास झाली असती, तरी चाललं असतं."

काठावर. रामाशीषनं तो शब्द दोनदा पुटपुटला. पोटच्या पोरीपासून स्वतःला तोडून घेऊन ज्या मार्कांची त्यानं राखण केली, त्यांची इथं कवडीची किंमत नव्हती. त्याला मॅडमचा राग आला नाही. स्वतःचीच एवढी लाज वाटली, की खुशबूकडं बघवेना.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. बरंच अंतर गेल्यावर खुशबू त्यांच्या भोजपुरीत म्हणाली, "पप्पा, मी गावाकडं होते तेव्हा रोज वाटायचं, आज तरी तुम्ही दुसरं काहीतरी विचाराल."

त्याच्या मनात विचारायचं किती साचलं होतं. आजारपणात ती कुणाला हाका मारायची, ती कुणाबरोबर खेळायची, बाप नाही म्हणून कधी रडली का. यातलं काय आधी विचारावं, त्याला कळेना.

"भूक लागली का?" त्यानं विचारलं.

"नाही," खिडकीबाहेर बघत ती म्हणाली.

कारेगाव येईपर्यंत त्याला दुसरा प्रश्न सुचला नाही.