सेटल झालो की नेतो

परंड्याच्या स्टँडवर मला सोडायला दोघी आल्या होत्या. आई आणि तिची काळी शेळी. एकटी ठेवली की गल्ली डोक्यावर घेते, म्हणून आई तिला दाव्यासकट घेऊन आली. कुर्डुवाडीची गाडी लागेपर्यंत शेळीनं माझ्या पिशवीचा अर्धा बंद खाल्ला.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिचं हाफ काढू का?"

"आमी मागनं येणार हाय," आई ठसक्यात म्हणाली.

मीही खिडकीतून मान काढून सगळ्या स्टँडला ऐकवलं, "सेटल झालो की नेतो तुला!"

"सेटल म्हंजी रं?"

"म्हंजी बूड टेकलं की."

पुण्यात बूड लगेच टेकलं. पण हे इंग्रजी क्रियापद मोठं सोयीचं; गाव सोडलेल्यांना वेगळं सांगायला नको. आधी नोकरी पर्मनंट होऊ दे म्हणालो. मग लग्न, मग फ्लॅट. मग सोसायटीची लिफ्ट सुरू होऊ दे म्हणालो, आणि आम्ही राहत होतो तळमजल्यावर! पाहुण्यांत मी केव्हाच 'पुण्याला सेटल' होतो. आईनं विचारलं की मात्र, "होतोच आहे."

खरं कारण बायकोलाही कधी सांगितलं नाही. आईची मिश्री, तिचा खणखणीत आवाज, सोफा सोडून खाली पाय पसरून बसणं. शेजारचे काय म्हणतील?

गेल्या दिवाळीत परंड्याला गेलो, तेव्हा आईच्या शेजारच्या शांताकाकूंनी मला परसात गाठलं. खुंटा रिकामा होता. वयामुळं शेळी दिली असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"तू फ्लॅट घेतला म्हनालास, त्याच आठवड्यात तुझ्या आत्याला दिली की. तवापास्नं कोंबडी पाळंना, मिरचीचं रोप लावंना. म्हनती, आज न उद्या जायचंच हाय."

नऊ वर्षं ती स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी राहिली होती. आणि मी, नेहमीचा बोलघेवडा, चहा पिऊन आलो. पिशवीच्या दुधाचा.

गेल्या महिन्यात फोनवर मागं बें-बें ऐकू आलं.

"आई, कोण ओरडतंय?"

"घेतली बाबा, काळीच. लई खोडीची हाय." मग हसत म्हणाली, "तू नको घाई करू. मीच झाले बघ सेटल."

मला हायसं वाटलं. आधी हायसंच वाटलं, लाज नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

घर कुठं, असं कुणी विचारलं की मी आजही परंडा सांगतो. तिथं आता माझी वाट कुणी बघत नाही.