वालूरचं एकभावी दुकान

माझ्या लग्नानंतर वर्षभरात यांना नोकरी लागली. हैदराबादच्या एका कंपनीनं निजामाच्या मुलखात जागोजाग दुकानं काढायला सुरुवात केली होती. सगळी सारखी: हिरवी पाटी, आत कापड, साबण, कंदील, चहा, आणि भिंतीवर उर्दूत अन् मराठीत लिहिलेलं, 'एकच भाव'. यांना वालूरच्या शाखेचे मॅनेजर म्हणून नेमलं आणि आम्ही दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो.

पहिले चार महिने माणसं आली ती पाटी वाचायला. एका शेतकऱ्यानं लुगड्याचा भाव विचारला आणि म्हणाला, "कमी किती करता?"

"भाव करायचा नाही. कंपनीचा नियम आहे," हे म्हणाले.

"मंग दुकानात यायचं कशाला?"

तो खरंच विचारत होता. यांनी लुगडं घडी करून परत फळीवर ठेवलं.

कंपनीनं चहाचे फुकट नमुने पाठवले होते. लोकांना करून पाजा, सवय लागेल, असा हुकूम होता. हे दुकानात पाजायचे, पुरुष पिऊन निघून जायचे. म्हणून एका दुपारी मी मागच्या दारी चूल पेटवली आणि शेजारच्या बायकांना बोलावलं. चहा झाल्यावर आतून चार लुगडी आणून पसरली. एका बाईनं तासभर घासाघीस केली. काठ विरळ आहे, रंग जाईल, सेलूला याहून स्वस्त मिळतं, सगळं बोलून झालं. मी मान डोलवत राहिले, तिच्या सासूचं दुखणं ऐकलं आणि शेवटी छापील भावच सांगितला. तिनं लुगडं घेतलं. जाताना शेजारणीला म्हणाली, "लय घासाघीस केली, तवा दिलं."

त्या हंगामात वालूरची शाखा आसपासच्या सगळ्या शाखांच्या पुढं गेली. भाव पाडून विकतात की काय, असा कंपनीला संशय आला आणि हैदराबादहून इन्स्पेक्टर आले. त्यांनी मागच्या अंगणात बसलेल्या नऊ बायका पाहिल्या, कंपनीचा चहा पाहिला, आणि स्वतःसाठी एक कप मागितला. महिन्याभरात परिपत्रक निघालं: प्रत्येक शाखेत जनाना विभाग उघडावा, आणि तो कसा चालवायचा ते शिकवायला वालूरच्या मॅनेजरनं जावं.

वालूरच्या मॅनेजरला परक्या बाईशी दोन शब्द बोलता येत नसत. म्हणून गाडीत आम्ही दोघं बसलो. चारठाणा, पालम, जिथं दुकान तिथं आठ दिवस. मी तिथल्या मॅनेजरच्या बायकोला घेऊन मागच्या दारी बसायची, हे पुढं बसून अहवाल लिहायचे. चहा खपायला लागला तसा कंपनीनं पुड्या बांधायचा कारखाना काढला, मग साबणाचा, मग तेलाची गिरणी. दुकानं वाढतच होती.

पालमच्या मॅनेजरची बायको एकदा म्हणाली, "अक्का, शिकवायलाव तुमी. मग कागदावर नाव तुमच्या मालकांचं कसं?"

"कंपनीची रीत असंल," मी म्हणाले. पण परतीच्या वाटेवर मला दुसरं काही सुचेना.

इन्स्पेक्टर पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांनाच विचारलं. त्यांनी शांतपणे कप खाली ठेवला. "बाई, कंपनी में औरत का फॉर्मच नहीं."

"मग छापा," मी म्हणाले.

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. हे पायाच्या अंगठ्याकडं बघत होते.

फॉर्म आला नाही. रझाकारांची धास्ती वाढली तशी शाखा एकेक बंद झाल्या. आम्ही वालूरच्या दुकानाला कुलूप लावलं आणि सेलूहून गाडी पकडून मनमाडला माझ्या मावशीकडं गेलो. पोलीस कारवाईनंतर परतलो तर दुकानात फळ्यासुद्धा उरल्या नव्हत्या. कंपनीचंही आता हैदराबादेपुरतंच काय ते शिल्लक होतं. तिथल्या साबणाच्या कारखान्यात या, असं यांना पत्र आलं.

"काय करू?" यांनी विचारलं. असं ते मला पहिल्यांदाच विचारत होते.

"तुम्हाला जायचं तर जा. मी सेलूला दुकान टाकते."

 तिसऱ्या दिवशी हे सेलूला जाऊन भाड्याची खोली बघून आले. परवाना माझ्या नावानं काढला. पहिल्या दिवशी चार गिऱ्हाइकं आली. त्यातल्या तिघांनी मला विचारलं, मालक कुठं आहेत.

हे आत कापड घडी करत होते. तिथूनच म्हणाले, "समोर बसल्यात."