असूदेंविरुद्धची पहिली तक्रार

वेधशाळेत त्यांना सगळे 'असूदे' म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. न्हाव्यानं केस भलतेच बारीक कापले, असू दे. रांगेत कुणी पुढे घुसलं, असू दे. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं. अर्धा कप संपल्यावर बायकोनं विचारलं, "कसा झालाय?" तर म्हणाले, "चांगलाय. जरा वेगळा आहे." संसारातली भांडणाची हौस तिला एकटीलाच भागवावी लागे.

आणि अशा माणसाच्या वाट्याला काम काय आलं, तर दुसऱ्याला खुर्चीतून उठवण्याचं.

ते मोठ्या दुर्बिणीचे चालक. दुर्बीण एक आणि अभ्यासक ढीगभर, त्यामुळे एकेकाला वर्षातून जेमतेम एखादी रात्र मिळे. पण एक नियम सगळ्यांनाच लागू होता. फार दूर कुठे एखादा प्रचंड तारा कोसळला की गॅमा किरणांचा झोत निघतो. तो हवेतून खाली पोचत नाही, उपग्रहालाच दिसतो. उपग्रह लगेच खाली संदेश धाडतो, की आकाशाच्या अमुक भागात बघा. कारण मागे रेंगाळणारा उजेड बघता बघता विझतो. म्हणून संदेश आला की हातातलं काम थांबवून दुर्बीण तिकडे वळवायची. थांबवायचं कुणी? चालकानं.

"नुसतं 'उठा' म्हणायचं असतं हो," संचालक समजावत. "दोन अक्षरं!"

ती दोन अक्षरं असूदेंच्या घशातून बाहेर येत नसत. एकदा पाहुणा अभ्यासक म्हणाला, "एवढा एक फोटो होऊ द्या," आणि हे थांबले. दुसऱ्यांदा हे पाहुण्याच्या पाठीमागे उभे राहून खाकरत राहिले. त्यानं मागे न बघता खोकल्याची गोळी पुढे केली. हे ती चोखत बसले. दोन्ही वेळा दुर्बीण वळली तेव्हा तिथं काहीच उरलं नव्हतं.

मग संचालकांनी बोलावून घेतलं. "आता पुन्हा चुकलं, तर तुम्हाला दिवसपाळीला भांडारात बसवावं लागेल. तिथं नटबोल्टांना उठवावं लागत नाही."

पूर्वी एकदा, दुर्बीण रिकामी असताना, असूदेंनी असा उजेड पकडला होता. जुन्या फोटोत तिथं काही नव्हतं, नव्या फोटोत ठिपका होता. या घटकेला तो बघणारे कदाचित आपण एकटेच! घरी येऊन त्यांनी बायकोला ते इतकं रंगवून सांगितलं की गॅसवरचं दूध उतू गेलं. एरवी ते महिनाभरातही तेवढं बोलत नसत.

बायकोनं तालीम सुरू केली. खिडकीजवळच्या त्यांच्या आवडत्या खुर्चीत ती ठाण मांडून बसे.

"हं, म्हणा."

"उठतेस का? म्हणजे, सोयीचं असेल तर..."

"झालं! गेलात भांडारात."

आणि मग त्या प्राध्यापक मॅडम आल्या. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'तोफ' म्हणत. नुकता अंधार पडला होता, त्यांच्या आकाशगंगेचा पहिलाच फोटो सुरू होता, आणि संगणकावर घंटा वाजली. उपग्रहानं सांगितलेला भाग पश्चिमेला, डोंगराकडे कलत होता.

"मॅडम," असूदे म्हणाले.

"काय?"

"चहा?"

"नको."

"मॅडम, संदेश आलाय."

"दिसतंय मला. नियमही पाठ आहे. माझा हा फोटो झाला की वळवा. वर्षभर थांबलेय मी या रात्रीसाठी."

"असू..." जीभ सवयीनं वळलीच होती. असूदेंनी ती आवरली. "नाही. उठा."

"काय म्हणालात?"

"उठा, मॅडम. तुमची आकाशगंगा कुठे जात नाही. हे मात्र निघून चाललंय." आणि त्यांनी मॅडमच्या खांद्यावरून हात घालून फोटो थांबवला.

घुमट गडगडत फिरला. मॅडम हाताची घडी घालून मागे उभ्या राहिल्या. नवा फोटो आला, जुना शेजारी लावला. शेकडो तारे! असूदेंची नजर भिरभिरत राहिली.

"तो बघा, खालच्या कोपऱ्यात," मॅडम म्हणाल्या. रागातच म्हणाल्या.

ठिपका होता. पुढच्या फोटोत तो थोडा फिका, त्याच्या पुढच्यात आणखी फिका. असूदेंनी इतर वेधशाळांना जागा कळवली, ठिपका डोंगराआड जाईपर्यंत फोटो घेतले, आणि खुर्ची अदबीनं मॅडमना परत केली. तेवढ्यात आभाळ भरून आलं. मॅडमची अख्खी रात्र ढगांत गेली.

दुसऱ्या दिवशी संचालकांचा फोन आला. "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. म्हणे, चालक अत्यंत उद्धट आहे. मॅडमना आम्ही दुसरी रात्र दिलीय. तुम्ही आज नेहमीच्या वेळेला या. भांडाराचं विसरा."

शेजारी कान लावून उभ्या असलेल्या बायकोनं फोन हिसकावून घेतला. "साहेब, तो शब्द जरा पुन्हा म्हणता का? मला नीट ऐकू द्या."

ऐकून झाल्यावर ती हसत हसत खिडकीजवळच्या खुर्चीत कोसळली.

असूदे समोर येऊन उभे राहिले. ताठ.

"ऊठ," ते म्हणाले.

"उद्धट!" ती म्हणाली, आणि मुळीच उठली नाही.