वैशालीचा डावा हात

आमच्या धनुर्विद्येच्या मैदानावर लक्ष्यांच्या मागे कमरेइतके गवत वाढते. चुकलेला बाण त्यात शिरला की कितीही शोधा, सापडत नाही. दिवाळीनंतर गवत कापले म्हणजे वर्षभराचे बाण एकदम उघडे पडतात. कोणाचे पीस गळालेले, कोणाचे टोक गंजलेले, आणि जो तो "हा माझा!" म्हणून धावतो. किश्श्यांचेही तसेच आहे. एरवी ते कोठे पडून असतात कळत नाही. चार माणसे चहाला बसली आणि एकाने एक काढला, की मागोमाग ढीग लागतो.

यंदाचा ढीग बहुतेक वैशालीचा आहे. तिच्या परवानगीनेच लिहीत आहे. तिची एकच अट होती, "काका, लग्नातला किस्सा गाळा." तो मी गाळलेला नाही.

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून भांडारपाल म्हणून निवृत्त झालो. शाळा दहावीपर्यंतच झाली. त्यापुढचे सर्व शिक्षण मी ग्रंथालयातून स्वतः मिळवले. अक्षर सुवाच्य आणि बेरीज अचूक, एवढ्या पात्रतेवर आमचे प्रशिक्षक रामटेके सर यांनी मला मैदानाचा गुणलेखक नेमले. सर कामठीहून रोज पहाटे शेअर ऑटोने येतात. त्यांचे आणि इतरांचे बोलणे मी ऐकले तसेच देणार आहे. दुसऱ्याच्या तोंडची भाषा शुद्ध करून लिहिणे हा मी अप्रामाणिकपणा समजतो.

*

वैशाली रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रुग्णांचे रक्त काढण्याचे काम करते. वय एकोणतीस. तिच्याइतका स्थिर हात आमच्या मैदानाने पाहिला नव्हता. टार्गेटच्या मधला गोल पिवळा असतो. त्याला नऊ आणि दहा गुण. तिचे बाण तेथे माहेरी गेल्यासारखे जात.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, काहीही कारण नसताना, हे सारे बिघडले. धनुष्यावरची नेम धरण्याची साइट पिवळ्याला टेकण्याचा अवकाश, की तिची बोटे आपोआप सुटत. कधी हात बाहेरच्या लाल गोलापाशीच गोठून जाई, पिवळ्यावर चढेचना! या व्याधीला इंग्रजीत टार्गेट पॅनिक म्हणतात. मी 'लक्ष्यभय' असा शब्द सुचवला. तो कोणीही वापरला नाही. सर म्हणाले, "तुले पिवळं भूत लागलं वं," आणि तेच नाव रूढ झाले.

राज्य संघाच्या दोन निवड चाचण्या या भुताने गिळल्या. तिसरी यंदाच्या हिवाळ्यात होती. हीही हुकली तर धनुष्य कोणाला तरी देऊन टाकायचे आणि मैदानाकडे फिरकायचे नाही, असे तिने घरी जाहीर केले होते. सरांना ते तिच्या आईकडून कळले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

*

त्याच सुमारास रक्तातील साखर तपासण्यासाठी मी तिच्या लॅबमध्ये गेलो. माझी शीर भल्याभल्यांना सापडत नाही. वैशालीने दंडाला पट्टा बांधला, बोटाने एकदाच चाचपले आणि मला कळण्यापूर्वी सुई आत जाऊन बाहेरही आली होती.

मी म्हणालो, "वैशाली, दोऱ्याएवढ्या शिरेत तू पहिल्याच खेपेला सुई घालतेस. पिवळा गोल तर चांगला बशीएवढा आहे!"

तिने कापूस दाबून धरला आणि म्हणाली, "काका, तुमच्या हातावर कोणी गोल काढून ठेवले नाहीत ना!"

*

सरांनी पहिला उपाय असा केला की तिचे टार्गेटचे कागद काढून कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. मग आठ महिने गवताच्या कोऱ्या गठ्ठ्यावर, चार पावलांवरून, तेही डोळे मिटून बाण! नेम धरायचाच नाही. हाताला फक्त शांतपणे सोडणे पुन्हा शिकवायचे.

एकदा कानटोपी घातलेले एक गृहस्थ सकाळचे फिरता फिरता थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, "काहून गा, इतक्या जवळून तं माही नातही मारन. अन् ह्या बाई डोळे मिटून मारून राहिल्या! हे काय शिकणं झालं?"

शेजारी अन्सारीभाई आपल्या धनुष्याला दोरी चढवत होते. त्यांचे कामठीला पॉवरलूम आहेत. नेम बेताचा, पण हजेरी आमच्यात सर्वांत पक्की. ते म्हणाले, "भाईसाब, ये सीख नहीं रही, भूल रही है. भूलना ज़्यादा मुश्किल है."

"त्यात काय मुश्कील? घरून सांगितलेलं सामान मी रोज विसरतो!"

अन्सारीभाईंनी अदबीने खुर्ची पुढे केली. "तो आप इधर बैठिए. हमको कोच की ज़रूरत है!"

*

आठ महिन्यांनी कपाट उघडले. कागद लागला. वैशालीने धनुष्य ओढले, साइट पिवळ्याला टेकली मात्र, आणि बाण गेला. भूत जागच्या जागी होते.

ती मटकन खाली बसली. म्हणाली, "सर, हे असं आतून कसं होतं ते तुम्हाला नाही कळणार."

सर काही वेळ दोरीला मेण चोळत राहिले. मग म्हणाले, "मले कागदावर बाण मारताना तू कधी पाहिलं का?"

आम्ही सर्वांनी आठवून पाहिले. सर दाखवत ते नेहमी कोऱ्या गठ्ठ्यावर. इतक्या वर्षांत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. रोज गुण लिहिणाऱ्या माझ्याही नाही.

"मले बी लागलं होतं हे भूत," सर म्हणाले. "मी बरा नाही झालो वं. मास्तर झालो."

त्यानंतर त्यांनी निर्णय सांगितला. "तुहा उजवा हात भीती शिकून बसला आहे. डावा अजून अडाणी आहे. अडाण्याले भीती ठाऊक नसते. उद्यापासून दोरी डाव्या हातानं ओढायची. अन् एक ध्यानात ठेव. बाण पिवळ्यात गेला म्हणजे तू बरी झाली, असं नाही. ज्या दिवशी पिवळ्यावर धरशील अन् न सोडता उतरवशील, त्या दिवशी भूत गेलं."

उतरवणे म्हणजे ताणलेली दोरी बाणासकट हळूहळू सैल करून धनुष्य खाली घेणे. कोणत्याही नवख्याला ते जमते. ज्याला भूत लागले, त्याला तेवढेच जमत नाही.

*

डाव्या हाताला वळण लागावे म्हणून सरांचा हुकूम निघाला: दात घासणे, केस विंचरणे, कुलूप उघडणे, सारे डाव्या हाताने. अपवाद एकच. "पेशंटले मात्र उजव्यानंच टोच!"

वैशाली एकटी पडू नये म्हणून आम्हीही डावे झालो. मैदानाबाहेरच्या टपरीवर आम्ही सगळे एका रांगेत डाव्या हाताने तर्री पोहे खाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी टपरीवाल्याने सरांना बाजूला घेऊन विचारले, "सर, सगळ्यांचे उजवे हात एकदमच काहून गेले? साथ आहे का काही?"

मी गुणही डाव्या हाताने लिहू लागलो. आठवडाभराने सरांनी माझी वही दोन्ही हातांनी मला परत दिली. "काका, तुमचे उपकार आहेत. पण हा सात आहे, का एक, का मेलेला डास?"

*

आता लग्न. वैशालीच्या मामेभावाचे होते. आम्हा सर्वांना निमंत्रण होते. मंगलाष्टके सुरू झाली आणि वैशालीने सवयीने अक्षता डाव्या हातात घेतल्या.

तिच्या आत्यांनी ते पाहिले. "अवं, डाव्या हातानं अक्षता? काहून वं? लोक पाहून राहिले!"

वैशालीच्या आईला या धनुष्याच्या नादाचा प्रथमपासून तिटकारा. आता त्या मुलीला फटकारणार, असे मला वाटले. त्या म्हणाल्या, "टाकू द्या तिले. प्रॅक्टिस करून राहिली ते."

शेवटचे 'सावधान' झाले. शंभर माणसांच्या अक्षता मांडवात कोठेही विखुरल्या. वैशालीची मूठ मात्र आठ ओळी ओलांडून नवरदेवाच्या थेट नाकावर बसली! तो शिंकला. हार चुकून भटजींच्या गळ्यात पडता पडता राहिला. आत्यांनी कपाळावर हात मारला.

सर माझ्या कानाशी वाकले. "काका, लिहून ठेवा. दहा."

*

डाव्या हाताने टार्गेटवर पहिली फेरी मारण्याचा दिवस आला. अंतर थोडे, बाण सहा. वैशालीने दोरी ओढली, स्थिर राहिली, सोडला. पुन्हा ओढली, स्थिर राहिली, सोडला. हात कापत नव्हता.

सहा बाण संपले. तिच्या कागदावर एकही नव्हता. सहाही उजवीकडच्या शेजारच्या कागदावर, पिवळ्यात, एकमेकांना खेटून! तो कागद अन्सारीभाईंचा होता.

कारण साधे होते. ओढत होता डावा हात, पण सवयीने पाहत होता उजवा डोळा. त्यामुळे प्रत्येक बाण दीड मीटर उजवीकडे जात होता. नियम स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या टार्गेटवरचा बाण म्हणजे शून्य. मी तिच्या नावापुढे सहा शून्ये लिहिली.

अन्सारीभाई चहाचा पेला ठेवून धावत आले. "बाबूजी, ये मेरे नाम पे लिखिए ना! ज़िंदगी में पहली बार छप्पन आए हैं!"

वैशाली इतकी हसली की तिला धनुष्य खाली ठेवावे लागले. दोन वर्षांत मैदानावर तिचे हसणे कोणी ऐकले नव्हते.

सर मात्र हसले नाहीत. ते दोन्ही कागदांकडे आळीपाळीने पाहत उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वैशालीच्या उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधली आणि तिच्या कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'अन्सारी'.

अन्सारीभाई म्हणाले, "बेटी, मेरा घर समझ. आराम से आ."

आणि बाण त्या घरी जाऊ लागले.

*

येथे कोणीही म्हणेल, झाली की बरी! सर म्हणत नव्हते. रोज सरावाच्या शेवटी ते तिच्या मागे उभे राहून म्हणत, "धर. आता उतरव." आणि 'उतरव' या शब्दाबरोबर बाण सुटून जाई. भूत डाव्या हाताचाही पत्ता विचारत येऊन पोहोचले होते.

एकदा असा सुटलेला बाण बरोबर मध्यभागी रुतला. वैशालीने आनंदाने मागे वळून पाहिले. सर कडाडले, "दहा कोणी मागितले तुले? मी उतरव म्हटलं होतं!"

दहा गुण मिळाले म्हणून शिष्येला रागावणारा गुरू मी वाचनातही पाहिलेला नाही.

चाचणीच्या आदल्या सकाळपर्यंत हेच चालले. एकदाही, एकदासुद्धा, तिला उतरवता आले नाही.

*

निवड चाचणी आमच्याच मैदानावर झाली. तिची अंतिम यादी मैदानाच्या फलकावर लावलेली आहे. ऊन लागून ती पिवळी पडली असली, तरी मी ती कोणालाही काढू देत नाही. ज्यांना निकाल हवा, त्यांनी तेथे जाऊन वाचावा. मला सांगायचे आहे ते यादी लागण्यापूर्वीचे.

सकाळीच एक पेच पडला. वैशालीच्या कागदावरचे 'अन्सारी' हे नाव पाहून पंच म्हणाले, "असं नाव लिहिता येत नाही. आणि या नावाची खेळाडूही यादीत नाही." कागद बदलला गेला. कोरा, परका, लखलखीत पिवळा. हेही माझेच घर, अशा अर्थाने अन्सारीभाईंनी तिला लांबूनच आपल्या छातीवर हात ठेवून दाखवला. ती मान हलवून रेषेवर गेली.

शेवटची फेरी आली. बाण तीन, वेळ दोन मिनिटे. मी बाजूच्या टार्गेटचे गुण लिहीत होतो. सर आणि अन्सारीभाई प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरखंडाबाहेर उभे होते. वैशालीचे दोन बाण गेले. तिसरा तिने चढवला. डोळ्यावरची पट्टी नीट केली, डाव्या हाताने दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि पिवळ्यावर धरले.

तेवढ्यात टार्गेटच्या माथ्यावरचे, वारा दाखवणारे छोटे निशाण आडवे झाले. अशा वाऱ्यात सोडलेला बाण भरकटतो.

मी मनात मोजत होतो. एक. दोन. तीन. हात हलला नाही. चार. पाच. आता बोटे सुटणार, हे आम्हाला सर्वांना ठाऊक होते. मी नजर खाली वळवली, पाहवेना.

पुन्हा मान वर केली तेव्हा, काठोकाठ भरलेली घागर डोक्यावरून उतरवावी तसे, वैशाली ते धनुष्य इंच इंच खाली घेत होती. दोरी सैल झाली. बाण दोरीवरच होता. निशाण पुन्हा खाली पडण्याची वाट पाहत ती उभी राहिली.

प्रेक्षकांत कोणीतरी हळहळले, "अरेरे, खचली पोरगी!"

आणि दोरखंडाबाहेर एकच आरोळी उठली. "उतरवला! अन्सारीभाई, उतरवला तिनं! उतरवला!" पंचावन्न वर्षांचे रामटेके सर अन्सारीभाईंना कमरेला धरून उचलत होते. अन्सारीभाईंची टोपी एकीकडे, चप्पल दुसरीकडे. दोघेही रडत होते आणि दोघेही नाचत होते. घड्याळात चाळीस सेकंद उरले होते.

पंच शिट्टी हातात धरून धावत आले. "सर! काय चाललंय हे? मुलगी जिंकल्यासारखे नाचताय! अहो, तिचा शेवटचा बाण अजून सुटलेलासुद्धा नाही!"

सरांनी गळ्यातल्या दुपट्ट्याने डोळे पुसले आणि पंचांचे दोन्ही हात धरले.

"तेच तं सांगून राहिलो, साहेब! सुटला नाही!"